‘चालतंय की, सर!’ : कोपाच्या मुलांना सॉफ्टवेअर आर्किटेक्चर शिकवताना

आयटीआयमधला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड असो, पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटर डिप्लोमा असो किंवा बी. व्होक.चा वर्ग असो, कोल्हापुरात प्रोग्रॅमिंग शिकवायला उभे राहिलात की एक वाक्य रोज कानावर येणार: ‘चालतंय की, सर!’ पोरानं प्रोग्रॅम लिहिलेला असतो, उत्तर बरोबर येत असतं आणि तुम्ही त्याला सांगत असता की याचे तीन भाग कर. कशाला करायचे, हे त्याला कळत नाही. यात त्याची काही चूक नाही. चालणारा प्रोग्रॅम मोडून पुन्हा बांधावा असं वाटायला लावणारा प्रसंग त्याच्यावर अजून आलेलाच नाही.

पहिल्या वर्षी मी प्रोजेक्टरवर तीन थरांची आकृती लावून सुरुवात केली. वर स्क्रीन, मध्ये नियम, खाली डेटाबेस. मुलांनी पट्टीनं चौकोन आखून ती वहीत उतरवली, तोंडीत धडाधड सांगितलीसुद्धा. प्रोजेक्टच्या वेळी मात्र प्रत्येकाचा प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये होता आणि वहीतली आकृती वहीतच राहिली होती. तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी बदल मागायचा, मुलांना अडू द्यायचं आणि मगच आकृतीकडे जायचं. हा लेख त्या उलट्या क्रमाचा आहे. नव्याने रुजू झालेले निदेशक, तासिका तत्त्वावर शिकवणारे आणि कंपनीतली नोकरी सांभाळून शनिवारी शिकवायला येणारे, अशा सगळ्यांसाठी.

सुरू करण्याआधी काय जमवायचं

- चालू अभ्यासक्रमाची प्रत. कोपा एका वर्षाचा, दहावीनंतरचा ट्रेड आहे आणि त्यात ‘सॉफ्टवेअर आर्किटेक्चर’ नावाचा वेगळा विषय नाही. डेटाबेस, प्रोग्रॅमिंगची भाषा आणि प्रोजेक्ट यांच्या तासांमध्येच हे बसवावं लागतं. कुठल्या आठवड्यात काय बसेल याच्या खुणा आधीच करून ठेवा आणि लेसन प्लॅनमध्ये तसं लिहा. तपासणीला कुणी आलं तर ‘हे कशात येतं?’ याचं उत्तर कागदावर असलेलं बरं.
- पायथन. त्याच्यासोबत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आपोआप येतो, वेगळा डेटाबेस सर्व्हर बसवावा लागत नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही अडत नाही.
- आकृत्या काढण्यासाठी ड्रॉ डॉट आयओची डेस्कटॉप आवृत्ती, कारण ती इंटरनेटशिवाय चालते. तरीही पहिले दोन आठवडे आकृत्या ड्रॉइंग पेपरवर आणि स्केचपेननंच काढून घ्या.
- गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, फक्त त्या त्या मशीनपुरतं. ऑनलाइन खाती काढण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, पासवर्ड विसरण्यातच दोन तास जातात.
- प्रत्येक गटाला एक शंभर पानी वही.
- मुलांच्या घरच्या दूध संकलनाच्या जुन्या पावत्या, एखादं दहा दिवसांचं बिल आणि एक दरपत्रक. नावं आणि सभासद क्रमांक खोडून मगच झेरॉक्स काढा. कुणाच्या घरी किती दूध आणि किती पैसे येतात हे वर्गात उघडं पडता कामा नये.

१. उदाहरण गावातलं घ्या

कुठलंही पुस्तक उघडलं की ग्रंथालय, हॉटेल बुकिंग किंवा ऑनलाइन दुकान ही उदाहरणं येतात. आपल्या वर्गातल्या पन्हाळा, करवीर, कागल, राधानगरीच्या मुलांपैकी हॉटेल बुक केलेला शोधूनच काढावा लागेल. पण सकाळी कॅन घेऊन डेअरीवर गेलेले निम्म्याहून जास्त निघतील. म्हणून माझा वर्षभराचा जॉब (प्रात्यक्षिकाचं काम) एकच असतो: दूध संस्थेचा संकलन प्रोग्रॅम.

यातले नियम मुलांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. गायीच्या आणि म्हशीच्या दुधाचा दर वेगळा. गायीला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), म्हशीला ६.० आणि ९.० हा पाया धरायचा आणि पॉइंट वाढला किंवा घटला तसा दर बदलायचा. सकाळ-संध्याकाळची पावती, दहा दिवसांचं बिल, बिलातून पशुखाद्याची कपात आणि दिवाळीला दर फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर लिटरमागे मिळणारी जादा रक्कम. एवढी गुंतागुंत असलेलं आणि तरी समजावून सांगावं न लागणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. वर्ग इचलकरंजीचा असेल तर यंत्रमागाची मजुरी घ्या, हुपरीचा असेल तर चांदीच्या कामाचा हिशेब घ्या.

जमलं तर एकदा पहाटे मुलांना संकलन केंद्रावर घेऊन जा. त्यासाठी प्राचार्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, संस्थेच्या सचिवांना आधी दिलेलं पत्र आणि मुलांची यादी हे चार कागद लागतात. तिथे मुलांना एकच काम द्या: रांगेत उभं राहून, एका माणसाचं दूध मापून पावती हातात पडेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. हा आकडा पुढे लागणार आहे.

२. एका फाइलमधला प्रोग्रॅम लिहू द्या आणि गप्प बसा

सुरुवातीला सूचना एवढीच: लिटर, फॅट आणि एसएनएफ भरले की पावती छापली पाहिजे, दहा दिवसांनी बिल निघालं पाहिजे. कसं लिहायचं ते मुलांवर सोडा. ती एकाच फाइलमध्ये लिहितील आणि दराचा आकडा दिसेल तिथे टाइप करतील. तुमच्या जिभेवर दुरुस्ती येईल, ती गिळा. या टप्प्यावर केलेली मदत पुढचा सगळा धडा बिघडवते.

इथे एक गोष्ट आवर्जून करा. पायथनमध्ये फंक्शनला आणि व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं. ‘दर_काढा’, ‘पावती_छापा’, ‘बिल_करा’ अशी नावं दिली की मराठी माध्यमातल्या मुलाला आपण काय लिहितोय ते वाचता येतं. सवय झाली की इंग्रजी नावांकडे वळवा, कारण नोकरीत तीच लागणार. सापळा एकच आहे: काही मराठी कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह टाकतात आणि पायथन त्यावर अडतं. डोळ्याला नाव बरोबर दिसतं आणि एरर मात्र येत राहते. अशा वेळी नाव पुसून जोडाक्षर नसलेलं दुसरं नाव घ्या.

३. आता बदल मागा, एकामागून एक

हा टप्पा घाईनं उरकू नका. मी याला तीन आठवडे देतो. बदलांचा क्रमही ठरलेला आहे.

पहिला बदल: सोमवारी वर्गात आल्या आल्या फळ्यावर लिहायचं, ‘आजपासून म्हशीचा दर वाढला.’ वीस मिनिटांत करून दाखवा. मुलं भराभर आकडा शोधून बदलतात. वेळ संपली की प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: किती ठिकाणी हात लावला? उत्तरं फळ्यावर नावापुढे मांडा. कुणाचे तीन, कुणाचे पाच. एका वर्षी एका मुलीच्या प्रोग्रॅममध्ये दर सात ठिकाणी होता. तिने सहा बदलले. सातवा बिलाच्या भागात राहून गेला. आम्ही तिच्याच प्रोग्रॅमनं दहा दिवसांच्या पावत्या काढल्या, कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि शेजारी बिल ठेवलं. दोन्ही आकडे जुळेनात. वर्ग शांत झाला. मग मागून एक पोरगा म्हणाला, ‘आमच्यात असं झालं तर आबा डेअरीत जाऊन दंगा करतील.’ त्या दिवशी ‘चालतंय की’ कुणी म्हणालं नाही.

दुसरा बदल: एका सभासदाची गेल्या आठवड्यातली पावती हरवली, ती पुन्हा छापून द्या. सोपं वाटतं, पण दर सोमवारी बदललेला आहे. जवळपास सगळ्यांचे प्रोग्रॅम जुन्या पावतीला नवा दर लावतात. इथे मुलांच्याच तोंडून यायला हवं की दर काढताना जनावर, फॅट आणि एसएनएफ एवढं पुरत नाही, तारीखही लागते. लगेच सांगू नका, दहा मिनिटं थांबा, कुणीतरी सांगतंच.

तिसरा बदल दिवाळीचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा: वर्षभराच्या दुधावर म्हशीला लिटरमागे इतका आणि गायीला लिटरमागे इतका दर फरक द्यायचा आहे. ज्या गटांनी प्रत्येक वेळचे लिटर, फॅट आणि जनावर जपून ठेवलेलं असतं त्यांचं काम तासाभरात होतं. ज्यांनी बिल झालं की फक्त रुपयांची बेरीज ठेवली आणि बाकी पुसून टाकलं, त्यांच्याकडे आता काहीच उरलेलं नसतं. कोड कितीही सुधारला तरी पुसलेले लिटर परत येत नाहीत. काही निर्णय नंतर फिरवता येत नाहीत, हे मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं.

सापळा: बदल मागताना रागावू नका आणि गुणही कापू नका. अडल्याची शिक्षा झाली की पुढच्या वेळी मुलं ‘एकाच ठिकाणी हात लावला’ असं खोटं सांगतात आणि फळ्यावरच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

४. मग शब्द द्या

आता आर्किटेक्चर हा शब्द काढा. मराठीत ‘स्थापत्य’ म्हटलं की मुलांना सिव्हिलचा वर्ग आठवतो, म्हणून मी आर्किटेक्चरच म्हणतो. अर्थ मात्र अंबाबाईच्या देवळावरून सांगतो. किरणोत्सवात मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतात, ती देवळाचं तोंड पायाभरणीलाच तसं ठरलं म्हणून. रोषणाई दरवर्षी बदलता येते, वाटेत आलेला अडथळाही काढता येतो, पण देवळाचं तोंड नंतर फिरवता येत नाही. प्रोग्रॅममधले असे, नंतर फिरवायला महाग पडणारे निर्णय म्हणजे त्याचं आर्किटेक्चर. दिवाळीच्या फरकात पोळलेल्या मुलांना हे लगेच पटतं.

दुसरा शब्द मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा एक स्वतंत्र भाग. याबाबतीत नव्या शिक्षकाची हमखास चूक होते, म्हणून सविस्तर लिहितो. आपण मुलांना फ्लोचार्ट शिकवलेले असतात. त्यामुळे भाग करायला सांगितले की ती फ्लोचार्टच्या पायऱ्यांप्रमाणे करतात: माहिती घे, हिशेब कर, छाप. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण दरपत्रकाची रचना बदलली की तिन्ही भागांना हात लावावा लागतो. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनास यांनी १९७२ साली नेमकं हेच दाखवलं. त्यांनी एक छोटा सूची बनवणारा प्रोग्रॅम घेतला आणि त्याचे दोन प्रकारे भाग केले, एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे आणि एकदा बदलण्याची शक्यता असलेल्या निर्णयांप्रमाणे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक असा निर्णय एकेका भागाच्या पोटात लपवलेला होता, म्हणून बदल त्या भागापुरताच राहिला.

वर्गात हे असं करा. फळ्यावर दोन रकाने आखा: ‘बदलणारं’ आणि ‘न बदलणारं’. मुलांना भरायला सांगा. दर बदलतो. पावतीचा आकार प्रिंटरप्रमाणे बदलतो. कपातीचे प्रकार वाढतात. दूध लिटरमध्ये मोजायचं, दिवसातून दोनदा घ्यायचं, हे सहसा बदलत नाही. मग ‘बदलणारं’मधल्या प्रत्येक ओळीला एक फाइल द्या. दराच्या फाइलला बाहेरून एकच दार: ‘दर_काढा’, आणि त्याला जनावर, फॅट, एसएनएफ, तारीख एवढंच द्यायचं. आत तक्ता आहे की सूत्र, हे पावतीला माहीत असण्याचं कारण नाही. एवढं झालं की पहिला बदल पुन्हा मागा आणि फळ्यावर जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. सातच्या शेजारी एक लिहिताना त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता.

५. चित्र काढा, पण दोनच पातळ्यांचं

सॉफ्टवेअरची चित्रं काढण्याच्या सायमन ब्राउन यांच्या सी-४ पद्धतीत चार पातळ्या आहेत. आपल्या मुलांना पहिल्या दोन पुरतात. पहिल्या चित्रात आपला प्रोग्रॅम एकच चौकोन, भोवती माणसं आणि बाहेरच्या व्यवस्था: सभासद, सचिव, दूध संघ. दुसऱ्या चित्रात त्या चौकोनाच्या आत काय काय चालतं: नोंदीची स्क्रीन, डेटाबेस, बिल काढणारा भाग.

प्रत्येक बाणावर क्रियापद लिहायलाच लावा आणि चित्र मोठ्यानं वाचून घ्या. ‘सचिव लिटर आणि फॅट भरतात.’ ‘बिलाचा भाग डेटाबेसमधून दहा दिवसांच्या नोंदी वाचतो.’ वाक्य बनत नसेल तर बाण चुकलेला आहे. युएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्यांच्या ठरलेल्या चिन्हभाषेतल्या सगळ्या खुणा शिकवायचा मोह टाळा. पोकळ बाण आणि भरीव बाण यांतला फरक पाठ करण्यात मुलांचा आठवडा जातो आणि प्रोग्रॅम तसाच राहतो.

६. निर्णयवही

शंभर पानी वही यासाठी. मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली आर्किटेक्चरचे निर्णय नोंदवण्याची एक साधी पद्धत मांडली. ती मी अशी वापरतो: एका निर्णयाला एक पान आणि पानावर चार मथळे. परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याने काय बरं होईल आणि काय वाईट होईल, आणि हा निर्णय अजून लागू आहे की बदलला. जुनं पान फाडायचं नाही. निर्णय बदलला तर नवं पान लिहायचं आणि जुन्यावर ‘पान अमुक पाहा’ अशी नोंद करायची.

पहिलं पान सगळा वर्ग मिळून लिहितो: नोंदी केंद्रातल्याच संगणकावर ठेवायच्या की इंटरनेटवरच्या सर्व्हरवर? सकाळी सहाला वीज गेली, नेट गेलं, तरी दूध थांबत नाही, म्हणून मुलं लगेच ‘केंद्रातच’ म्हणतात. मग विचारा, ‘महापूर आला तर?’ ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं हे वर्गातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीकडची मुलं असतील तर त्यांना बोलू द्या. संगणक पाण्यात गेला तर लोकांचं दहा दिवसांचं बिल कशावरून काढणार? चर्चा होते, आणि शेवटी बहुतेक गट एकाच जागी येतात: नोंद आधी केंद्रात, नेट आलं की प्रत बाहेर, आणि रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर एक प्रत जी सचिव घरी नेतील. यातलं वाईटही लिहून घ्या. दोन ठिकाणी प्रती म्हणजे कधीतरी त्या जुळणार नाहीत, तेव्हा कोणती खरी मानायची?

७. रांगेतले सेकंद

केंद्रावर मोजलेला आकडा आता काढा. समजा १५० सभासद आणि दोन तासांचं संकलन. म्हणजे माणसामागे ४८ सेकंद, त्यातच ओतणं, मापणं, फॅट काढणं. प्रोग्रॅमच्या वाट्याला किती उरतात? ‘प्रोग्रॅम वेगवान हवा’ असं लिहू देऊ नका, ‘नोंद भरल्यावर तीन सेकंदांत पावती’ असं लिहून घ्या. मोजता येत नाही ती अपेक्षा तपासताही येत नाही.

८. गट करताना

चौघांचा गट पुरे. संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलंय की संस्थेत बोलणं जसं चालतं तशीच तिच्या प्रणालीची रचना होते. वर्गातही तेच. ज्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही त्यांचे भाग एकमेकांना जोडताना रडतात. दराचा भाग लिहिणारा आणि बिलाचा भाग लिहिणारा शेजारी-शेजारी बसवा, आणि कोड लिहिण्याआधी दोघांमधलं ‘दार’ वहीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

मायक्रोसर्व्हिसेस (एकाच प्रोग्रॅमचे स्वतंत्रपणे चालणारे छोटे तुकडे), क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर) हे शब्द मुलं व्हिडिओ पाहून आणतातच. उत्तर टाळू नका, पण चार मुलांच्या, एका संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला त्याची गरज नाही हे स्पष्ट सांगा. वाटलं तर त्याचंही एक पान निर्णयवहीत लिहून घ्या.

९. परीक्षा कशाची घ्यायची

आकृतीला गुण दिलेत की आकृत्या पाठ होतात. मी गटांचे प्रोग्रॅम आपसात बदलून देतो. समोर दुसऱ्याचा कोड, दुसऱ्याची निर्णयवही, आणि एक बदल: ‘पशुखाद्याची कपात एका बिलातून न करता तीन बिलांत वाटून करा.’ वेळ ४० मिनिटं. बदल करणाऱ्याला गुण आहेत, आणि ज्याचा कोड दुसऱ्याला समजला त्यालाही आहेत. किती फायलींना हात लागला हे गिट दाखवतंच.

एक काळजी घ्या: अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेचा नमुना वेगळा असतो. त्याची तयारी मागे पडू देऊ नका, नाहीतर मुलांचं नुकसान होतं आणि पुढच्या वर्षी हे सगळं करायला तुम्हाला तासही मिळत नाहीत.

बॅच संपली की वह्या आणि कोड परत घ्या, नावं झाकून कपाटात ठेवा. नवी बॅच आली की पहिल्या महिन्यानंतर त्यांना त्यातलाच एक प्रोग्रॅम उघडून द्या, सोबत त्याची निर्णयवही न देता. तासाभरानं ‘सर, हे असं का केलंय?’ असा प्रश्न येतो. तेव्हा कपाट उघडून वही द्या.